टारल्डचा बरा झालेला खुबा

पहिली दोन कलमं कोळंबी सोलता सोलताच मंजूर झाली आणि तोरुनला त्याचं जरा वाईट वाटलं. तिला चर्चा हवी होती. पाच आठवडे ती रोज सकाळी शाळेत शिकवायला जाण्याआधी तासभर बसून ही कलमं लिहीत होती, आणि आता तिची आई बायबलविषयीच्या पहिल्या कलमाला "हो, हो, आमेन, लिंबू दे इकडे" असं म्हणाली होती.

समुद्रकाठच्या सेल्वोग गावातल्या प्रार्थनाघराला नव्वद वर्षं होऊन गेली होती, पण आपण नेमकं काय मानतो हे तिथे कुणी कधी कागदावर उतरवलं नव्हतं. गरजच पडली नव्हती. ज्याला माहीत नव्हतं तो आत येत नव्हता. पण मार्चमध्ये गावात राहायला आलेल्या एका डच कुटुंबाने पत्र पाठवून विचारलं, की तुम्ही काय मानता ते थोडक्यात कळवाल का? तेव्हा ज्येष्ठांच्या बैठकीत असं उघडकीला आलं, की थोडक्यात कुणालाच येत नाही. म्हाताऱ्या सिगब्योर्नने प्रयत्न केला, तर पावणेदोन तासांनी तो नोहाच्या तारवाशी पोहोचला होता. मग ते काम प्रार्थनाघराची पुढारी म्हणून तोरुनकडे आलं. तिने सात कलमं केली. उद्या, पेंटेकॉस्टच्या, म्हणजे ईस्टरनंतरच्या सातव्या रविवारी, ती सभेत वाचली जायची होती. आणि प्रार्थनाघर तिच्या आजोबांनी बांधलेलं असल्यामुळे तिथे जे काही वाचलं जाणार, ते आदल्या दिवशी या टेबलावर वाचलं जायचं, ही घराची रीत होती.

तोरुनचा बाप टारल्ड टेबलाच्या डोक्याशी दोन उश्यांवर बसला होता. मंडळी यायच्या अर्धा तास आधीच तो येऊन बसला होता आणि ती जाईपर्यंत उठायचं नाही असा त्याचा बेत होता. त्यासाठी त्याने दुपारपासून पाण्याचा थेंबही घेतला नव्हता.

"तिसरं," तोरुन म्हणाली. "तारण केवळ कृपेने होतं. आपल्या कर्मांनी नाही."

"म्हणजे मी चाळीस वर्षं सभेनंतर वॉफल भाजले ते?" गुनव्होरने विचारलं.

"ते प्रेमापोटी, आई."

"कुणाच्या?"

"आई!"

"नाही, लिहिलंयस छान. फक्त उद्याचे वॉफल कृपेने होणार असतील तर मला आत्ताच सांग. पीठ भिजवायचं राहिलंय."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ओडलाऊग बसली होती, टारल्डची थोरली बहीण, एक्क्याऐंशीची. साठ वर्षांपूर्वी तिने गावच्या मोठ्या चर्चच्या घंटावाल्याशी लग्न केलं होतं आणि त्याच्यामागून त्या चर्चमध्ये गेली होती. तिथे तान्ह्या बाळांच्या कपाळावर चार थेंब शिंपडून बाप्तिस्मा उरकतात. घरातली माणसं तिच्यासाठी साठ वर्षं प्रार्थना करत होती. ती साठ वर्षं कोळंबी खायला येत होती.

"चौथं. बाप्तिस्मा, जो स्वतः विश्वास ठेवतो त्याचाच, आणि पूर्ण पाण्यात बुडवून."

"पूर्ण म्हणजे?" ओडलाऊग म्हणाली.

"पूर्ण म्हणजे पूर्ण, आत्या. डोक्यासकट."

"मग तुझ्या नवऱ्याचं काय? शेलची टाच वर राहिली होती. मी धक्क्यावरून डोळ्यांनी बघितलंय."

शेल हा तोरुनचा नवरा. प्रार्थनाघरात तो पेटीवजा ऑर्गन वाजवायचा आणि घरात शक्यतो कुणाचीच बाजू घ्यायचा नाही. त्याने कोळंबीचं डोकं मोडून बाजूला ठेवलं. "पाणी नऊ अंशांचं होतं, आत्या. बाकी शरीराने लगेच विश्वास ठेवला. टाचेला जरा वेळ लागला."

"आमच्याकडे कोमट करून घेतात," ओडलाऊग म्हणाली.

पाचवं कलम पवित्र आत्म्याच्या दानांविषयी होतं. भविष्यवाणी, अन्य भाषांमध्ये बोलणं, आणि त्यांचा अर्थ सांगणं.

"अन्य भाषेत टारल्डला बोलताना मी ऐकलंय," ओडलाऊग म्हणाली. "बोटीचं इंजिन बंद पडतं तेव्हा."

सगळे हसले, टारल्डही हसला. पण हसता हसता त्याला सोळाव्या वर्षीची ती संध्याकाळ आठवली. जाळी सुकत घातलेल्या खोपीत त्याच्या तोंडून जे बाहेर पडलं होतं, त्यातला एक शब्दही त्याला कळला नव्हता आणि तरी एकही शब्द परका वाटला नव्हता. त्यानंतर तसं पुन्हा कधी झालं नाही. त्याविषयी तो कुणाशी बोलायचा नाही, आणि चेष्टेलाही त्याची हरकत नसायची. जे खरं असतं त्याला चेष्टेने काही होत नाही, असा त्याचा अनुभव होता. चेष्टा सोसत नाही ती खोट्याला. म्हणूनच आता येणाऱ्या कलमाची त्याला धास्ती होती.

"सहावं," तोरुन म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला. "आम्ही मानतो, की प्रभू आजही आजाऱ्यांना बरं करतो, आणि त्यासाठी हात ठेवून प्रार्थना करण्याची आज्ञा त्याने आपल्याला दिली आहे. याची साक्ष आमच्यामध्ये आहे. यंदाच्या ईस्टरला आमच्या एका ज्येष्ठ बंधूचा झिजलेला खुबा एका तरुण बहिणीच्या प्रार्थनेने पूर्ण बरा झाला."

ती तरुण बहीण टेबलाच्या कोपऱ्यावर बसून पाव-लोणी खात होती. सिल्ये, तोरुन आणि शेलची मुलगी, एकोणीस वर्षांची. कोळंबीकडे तिला बघवत नसे, कारण कोळंबी तिच्याकडे बघते असं तिचं म्हणणं होतं. ती पावावर लोणी लावत राहिली.

"नाव घातलंयस?" टारल्डने विचारलं.

"नाही, बाबा. 'ज्येष्ठ बंधू' म्हटलंय."

"खुबा झिजलेले ज्येष्ठ बंधू आहेत किती गावात?" ओडलाऊग म्हणाली.

"झिजलेला *होता*, आत्या."

"होता, होता," असं म्हणत ओडलाऊगने भावाच्या दोन उश्यांकडे पाहिलं. मग तिने वहिनीकडे पाहिलं. गुनव्होर, जी सात आठवडे रोज सकाळी नवऱ्याच्या डाव्या पायात मोजा घालत होती, खिडकीतून समुद्राकडे बघू लागली. समुद्रात विशेष काही चाललेलं नव्हतं.

झालं होतं असं. सेल्वोगमध्ये एक जुनी रीत होती. प्रार्थना झाली की बरं वाटण्याची वाट बघत बसायचं नाही. मागितलं ते मिळालंच असं धरून चालायचं आणि लगेच, उभं राहून, सगळ्यांसमोर आभार मानायचे. बरं होणं मागून येतं, बोटीमागून लाट येते तसं. बहुतेक वेळा ते येतही असावं. निदान आलं नाही म्हणून सांगायला पुन्हा कुणी उभं राहिलेलं नव्हतं. ईस्टरच्या शनिवारी सिल्येने आयुष्यात पहिल्यांदा कुणासाठी तरी मोठ्याने प्रार्थना केली, आणि ते कुणीतरी तिचे आजोबा होते. तिने डोळे उघडले आणि त्याच्याकडे अशा काही नजरेने पाहिलं, की टारल्ड ताडकन उभा राहिला, खुबा बरा झाल्याची साक्ष त्याने दिली, आणि तेवढ्याने भागलं नाही म्हणून व्यासपीठाच्या पायरीवरून खाली उडी मारून दाखवली. खुबा तोवर नुसता दुखत होता. उडीनंतर तो बोलायला लागला.

"कलमात उदाहरण नसतं," टारल्ड म्हणाला. "कायद्याच्या पुस्तकात कधी असतं का, की अमक्याने तमक्याची शेळी चोरली?"

"मलाही तेच वाटतं," गुनव्होर समुद्राला म्हणाली.

"काढून टाक," ओडलाऊग म्हणाली. "डच माणसांना काय करायचाय टारल्डचा खुबा?"

तोरुनने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. आई आणि आत्या एका बाजूला, असं दृश्य या घरात बोटीच्या वाटणीनंतर दिसलं नव्हतं. "बाबा, तुला त्याची लाज वाटते का?"

"लाज कसली?"

"मग? मी लहान होते तेव्हा आजोबा सांगायचे या घरात काय काय झालं ते. कुणाचे डोळे, कुणाचा ताप. सगळं जुनं, सगळं ऐकलेलं. मी पन्नाशीला आले आणि पहिल्यांदा माझ्या डोळ्यांसमोर काहीतरी घडलं, माझ्याच बापाला, माझ्याच मुलीच्या हातून. आणि ते मी लिहू नको?"

"राहू दे उदाहरण," शेल म्हणाला. सगळ्यांनी चकित होऊन त्याच्याकडे पाहिलं. तो स्वतःही चकित झाला होता. "म्हणजे, तिने इतकं केलंय, तर राहू दे."

तेवढ्यात ओट्यावर ठेवलेला टारल्डचा फोन वाजला. टारल्डचे हात कोपरापर्यंत कोळंबीने माखले होते, आणि उठणं तर बेतात बसत नव्हतं.

"सिल्ये, बघ गं," तोरुन म्हणाली. "सिगब्योर्न असेल. खुर्च्या किती मांडायच्या विचारत असेल."

सिल्येने फोन उचलला. "'स्मरण. आपली—'" तिने वाचलं आणि ती थांबली. तिचे डोळे डावीकडून उजवीकडे गेले, परत आले, परत गेले. त्या संदेशात काय आहे ते टारल्डला पाठ होतं. चार दिवसांपूर्वी आलेलं रुग्णालयाचं पत्र त्याने गळ ठेवायच्या डब्यात लपवलं होतं. अकरा महिने रांगेत थांबल्यावर त्याचा नंबर लागला होता. सोळा जून, सकाळी आठ वाजता, डावा खुबा बदलणे. येणार की नाही ते मंगळवारपर्यंत कळवा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल आणि तुम्ही रांगेच्या शेपटाला.

"दातांच्या डॉक्टरांकडचं आहे," सिल्ये म्हणाली. "तपासणी आहे. मंगळवारपर्यंत कळवा म्हणतात."

तिने फोन उलटा करून ठेवला आणि पुन्हा पावाशी जाऊन बसली.

"दातांच्या?" ओडलाऊग म्हणाली. तिच्या भावाच्या तोंडात बारा वर्षांपासून कवळी होती. "हल्ली कवळीचीही तपासणी असते?"

"हल्ली सगळ्याची असते," गुनव्होर म्हणाली. "कॉफी कोण घेणार?"

सातवं कलम, प्रभू केव्हाही परत येईल हे, कॉफीबरोबर मंजूर झालं. प्रभू केव्हाही येईल, पण खुर्च्या आजच मांडायला हव्यात, म्हणून तोरुन आणि शेल प्रार्थनाघराकडे गेले. उदाहरण राहिलं होतं. दोन्ही म्हाताऱ्या भांडी घासायला लागल्या आणि नळाच्या आवाजाखाली काहीतरी कुजबुजू लागल्या.

"आजोबा," सिल्ये म्हणाली, "बोटीला रंग लावलास म्हणे. दाखव ना."

घरापासून बोटीच्या खोपीपर्यंत दगडी पायऱ्या होत्या. वरच्या पायरीशी टारल्ड थांबला. सिल्ये भराभर खाली गेली आणि त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली.

"मी बघत नाहीये," ती म्हणाली. "उतर उलटा."

तो कठडा धरून, समुद्राकडे पाठ करून, एकेक पायरी उतरला. खाली पोहोचायला बराच वेळ लागला. तेवढ्या वेळात त्याला पुरेसं कळलं.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"ईस्टरनंतरच्या मंगळवारपासून. आजीला अंडी द्यायला आले होते. तू असाच उतरत होतास आणि दर पायरीला एक शब्द म्हणत होतास."

"कोणता?"

"तो पाचव्या कलमात बसत नाही."

टारल्ड पालथ्या बोटीला टेकला. रंग अजून पुरता वाळला नव्हता. त्याच्या रविवारच्या विजारीला पांढरा पट्टा उमटला, पण तो हलला नाही. "मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? मला वाटलं, खुबा आधी बरा झाला होता आणि मग पुन्हा बिघडला. मला वाटलं, माझ्याच प्रार्थनेत काहीतरी खोट होती, म्हणून टिकलं नाही. मी दोन शुक्रवार उपास केला. नवीन सतरंजीवर बसून, जुन्या सतरंजीवर बसून, सगळं करून पाहिलं. आईने मला प्रार्थनाघरातल्या अॅस्ट्रिडच्या पाठीसाठी प्रार्थना करायला सांगितलं तेव्हा मी डोकं दुखतंय म्हणाले. त्यानंतर मी कुणाच्याही अंगावर हात ठेवलेला नाही, आजोबा. मला भीती वाटते."

"अगं, पण तो बरा झालाच नव्हता."

"केव्हा?"

"कधीच. आधीही नाही, मगही नाही."

ती वळली. "एक मिनिटभरसुद्धा नाही?"

"तुझा हात गरम होता," टारल्ड म्हणाला. "ते खरं होतं. आणि बरंही वाटलं. खुब्याला नाही. मला."

"मग उभा का राहिलास?"

"तू बघत होतीस."

ती रडेल असं टारल्डला वाटलं होतं. ती लालबुंद झाली. "म्हणजे सात आठवडे मी देवाशी भांडत बसले, आणि भांडण तुझ्याशी होतं!"

"तो काही बोलला का?"

"एक अक्षर नाही."

"माझं नाव नाही सांगितलं त्याने?"

"नाही!"

"मोठ्या मनाचा आहे," टारल्ड म्हणाला, आणि सिल्येला हसायचं नसतानाही हसू आलं. त्यामुळे ती आणखी चिडली. तिने नाक पुसलं आणि बोटीला एक लाथ मारली, तीही रंग नसलेल्या बाजूला.

"ऑपरेशनला जाणार आहेस ना?"

"तुझी आई म्हणेल, विश्वास कमी पडला."

"बाबांच्या डोळ्यांवर चष्मा आहे. तो काय विश्वास कमी पडला म्हणून?"

टारल्डने आयुष्यात करांच्या कागदांवर कधी खोटं लिहिलं नव्हतं, माशांच्या वजनात कधी काटा मारला नव्हता. हे एकच खोटं, तेही प्रेमापोटी, तेही देवाच्या घरात. आणि ते या पोरीच्या हातांवर जाऊन बसलं होतं. खुबा लंगडला तर माणूस काठी घेतो. तिने काय घ्यायचं?

"आज सांगतो तोरुनला," तो म्हणाला. "एकटीला गाठून."

"एकटीला सांगितलंस तर ती तळटीप घालेल. जिथे बोललास तिथेच बोल."

"साक्ष कुणी परत घेत नाही, सिल्ये. नव्वद वर्षांत कुणी घेतलेली नाही."

"मग तू पहिला," ती म्हणाली. "वर जाताना सरळ जाता येतं ना? का तेही उलटं?"

दुसऱ्या दिवशी प्रार्थनाघर भरलं होतं. खिडक्यांना बर्चच्या कोवळ्या फांद्या बांधल्या होत्या आणि पहिल्या रांगेत डच नवरा-बायको चार मुलांसह इतके ताठ बसले होते, की मुलांना कुणीतरी खुर्चीला शिवलंय असं वाटावं. शेवटच्या रांगेत, दाराजवळ, ओडलाऊग होती. साठ वर्षांत ती या दारातून आत आलेली नव्हती. अनेकांना वाटलं की प्रार्थना ऐकली गेली. ती गुनव्होरला विचारून, काय होतंय ते बघायला आली होती.

तोरुनने पाच कलमं वाचली आणि प्रत्येकाला घरभरून आमेन मिळालं. मग तिने सहावं वाचलं, उदाहरणासकट. लोक वळून टारल्डकडे बघून हसले. टारल्ड उठला. गुनव्होरने कोटाखाली लपवून आणलेली काठी त्याच्या हातात दिली, आणि तो मधल्या वाटेने पुढे निघाला. लंगडत. पाचव्या खुर्चीपर्यंत लोक हसत होते. मग एकेक हसू मिटत गेलं.

शेलने सवयीने ऑर्गनवर हलके सूर धरले होते. साक्षीच्या पाठीशी सूर असतात, ही रीत होती.

"मला साक्ष परत घ्यायची आहे," टारल्ड म्हणाला.

शेलची बोटं अडखळली. परत घेतलेल्या साक्षीला कोणती पट्टी लागते, हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. त्याने हात मांडीवर ठेवले.

"परत?" तोरुन म्हणाली.

"ईस्टरला मी इथे उभा राहून सांगितलं की माझा खुबा बरा झाला. तो झाला नव्हता. मला तेव्हाच माहीत होतं. प्रार्थना चांगली होती. साक्ष खोटी होती. सिल्येचा त्यात काही दोष नाही, आणि प्रभूचा तर नाहीच. सोळा तारखेला खुबा काढून नवीन बसवणार आहेत. आज सकाळी मी येतो म्हणून कळवलंय." त्याला आणखी काही बोलायचं होतं, पण ते आठवेना. "एवढंच."

तोरुन बोलली तेव्हा तिचा आवाज पुढारीबाईंचा नव्हता, मुलीचा होता. "पन्नास दिवस, बाबा. मी ते छापून घेतलंय. दीडशे प्रती."

"माहीत आहे."

"मी रोज सकाळी त्याच्यासाठी आभार मानले."

"तेही माहीत आहे. तेच सगळ्यात जास्त दुखलं."

मग तिसऱ्या रांगेतून सिगब्योर्नने बायकोला विचारलं, ते सगळ्यांना ऐकू गेलं. "काय म्हणतोय तो?"

बायकोने त्याच्या कानाशी ओरडून सांगितलं. सिगब्योर्नने थोडा विचार केला आणि तो उभा राहिला. "मग माझा डावा कानही परत घ्या," तो म्हणाला. "चौऱ्याण्णव सालचा." खिशातून त्याने श्रवणयंत्र काढून दाखवलं. "घरी लावतो. इथे लावायची चोरी. तीस वर्षं मी इथल्या प्रवचनांना नुसती मान डोलावतोय."

"ज्येष्ठांच्या बैठकीत पण?" कुणीतरी विचारलं.

"काय?" सिगब्योर्न म्हणाला.

एका कोपऱ्यातून एक बाई सिगारेटविषयी काहीतरी पुटपुटली. एक माणूस म्हणाला, की माझी गेलेली झोप प्रार्थनेने परत आली होती, पण दोनच महिने. आणि मग अॅस्ट्रिड उठली, लाजत, माफी मागावी तशी. "माझी पाठ मात्र खरंच बरी झाली," ती म्हणाली. "याच खुर्चीवर. शेलने प्रार्थना केली होती. आता मी काय करू?"

शेल ऑर्गनमागे दिसेनासा झाला होता.

"तू बस, अॅस्ट्रिड," गुनव्होर म्हणाली. "तू बरीच राहा."

डच माणूस बायकोच्या कानात काही बोलला. ती उठून जरा तुटक बोलीत म्हणाली, "माफ करा, माझे पती विचारतात, हे सगळं सहाव्या कलमातच येतं का?"

तोरुनने वडिलांकडे पाहिलं. काठीवर रेललेला, विजारीच्या मागच्या बाजूला पांढरा पट्टा मिरवणारा हा म्हातारा तिच्यासमोर उभा होता, आणि सकाळपर्यंत तिच्याकडे असलेला चमत्कार आता तिच्याकडे नव्हता. शेवटच्या रांगेतून ओडलाऊग काहीतरी बोलेल अशी तिची खात्री होती. ओडलाऊग बोलली नाही. तिने हळूच बाजूची खुर्ची वाटेत सरकवली, भावाला टेकायला.

तोरुनने पेन घेतलं. उदाहरणावर तिने एक रेघ मारली, ती रेघ मारायला तिला खूप वेळ लागला. मग खाली दोन ओळी लिहिल्या आणि वाचल्या.

"आम्ही मानतो, की प्रभू बरं करतो. केव्हा, कसं, कुणाच्या हाताने, हे तो आम्हाला विचारून ठरवत नाही." तिने श्वास घेतला. "आणि आम्ही, दुखत असेल तर दुखतंय म्हणू."

आमेन आलं नाही. लोकांना ते तोलून बघायचं होतं.

तेवढ्यात सिल्ये उठली. सात आठवडे ती मागे बसायची, आज पुढे बसली होती. ती आजोबांजवळ आली आणि तिने दोन्ही हात त्याच्या डाव्या खुब्यावर ठेवले. तिने सोळा तारखेसाठी प्रार्थना केली. डॉक्टरांच्या हातांसाठी, भूल देणाऱ्यासाठी, आणि नवीन खुबा कुठल्या धातूचा असतो ते ठाऊक नसल्यामुळे जो असेल त्या धातूसाठी. प्रार्थना छोटी होती. मग तिने डोळे उघडले आणि त्याच्याकडे पाहिलं.

"दुखतंय?"

टारल्डने सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं. "खूप."

सभागृह नव्वद वर्षांच्या सवयीने, विचार न करता, "हालेलूया" म्हणालं. मग थोडं थांबून, विचार करून, आणखी एकदा म्हणालं.